समुद्राची भीती आणि मेंदू: तांडेलाचे हात जेटीवरच का थरथरतात?

प्रश्न: देवगड तालुक्यातल्या एका बंदरगावातून एका ताईंचं मोठं पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा. यजमान गेली कित्येक वर्षं तांडेल म्हणून होडी चालवतात. गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात एका रात्री अवचित वारा सुटला आणि होडी उलटली. बाकीचे वाचले, पण वाडीतलाच एक तरुण खलाशी गेला. तेव्हापासून यजमान समुद्रावर गेलेले नाहीत. घरात बोलतात, जेवतात, मुलाचा अभ्यास घेतात. पण जेटीवर इंजिन सुरू झालं की हातपाय थरथरतात, घाम फुटतो आणि ते परत फिरतात. दर दोन-चार दिवसांनी जातात आणि दर वेळी हेच होतं. रात्री दचकून उठतात. डोक्यावरून पाणी घेऊन आंघोळ करत नाहीत. त्या खलाशाच्या घरावरून जाणारी वाटही टाळतात. स्वतःच म्हणतात, "बांधलेल्या होडीत काय होणार, मला कळतंय, पण अंग ऐकत नाही." सासूबाई म्हणतात, "दर्याक भियालो तो." शेजारी म्हणतात, भायरचा काय तरी लागला. देवाला गाऱ्हाणं घालून झालं. औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी आणून ती चालू आहे. ताईंनी मोबाइलवर ऐकलं की मेंदूत अमिग्डला नावाचं भीतीचं केंद्र असतं. त्यांचा प्रश्न असा, की ते बंद करणारी किंवा ती आठवण पुसून टाकणारी गोळी आहे का? आणि होडीतला हिस्सा विकून टाकावा का?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुमच्या यजमानांचं आहे. "मला कळतंय, पण अंग ऐकत नाही." मी कोकणात मानसोपचाराचं काम करते. मच्छीमार घरांतून येणारी माणसं हे वाक्य थोड्याफार फरकानं बोलतातच. कळणं आणि अंगानं घाबरणं ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत. एकाला समजावून दुसरं थांबत नाही. हे नीट समजलं, की काय करायचं आणि काय टाळायचं ते बरंचसं त्यातूनच निघतं. म्हणून आधी मेंदूबद्दल बोलते, गोळ्यांचं नंतर.

न्यूयॉर्कचे मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी १९८० च्या दशकात उंदरांवर जे प्रयोग केले, तिथून सुरुवात करू. पिंजऱ्यात उंदीर ठेवायचा, त्याला एक स्वर ऐकवायचा आणि स्वर संपता संपता पायाखालच्या जाळीतून विजेचा हलका झटका द्यायचा. असं काही वेळा केलं, की पुढे झटका न देता नुसता स्वर ऐकवला तरी उंदीर जागच्या जागी गोठतो आणि त्याचा रक्तदाब चढतो. इथवरची गोष्ट पावलोव्हच्या काळापासून माहीत होती. लेडूंना पुढचं हवं होतं. कानात शिरलेला तो स्वर मेंदूतून कुठल्या वाटेनं जातो, म्हणून अंग गोठतं?

त्यांनी आवाजाचा अर्थ लावणारा मेंदूच्या बाहेरच्या थराचा, म्हणजे कॉर्टेक्सचा भाग निकामी केला. तरीही उंदीर त्या स्वराला घाबरायला शिकला. मग त्यांनी एक पायरी खाली, कानाडोळ्यांकडून आलेले संदेश कॉर्टेक्सकडे पाठवणाऱ्या थॅलॅमस या भागातला आवाजाचा टप्पा निकामी केला. आता मात्र उंदराला स्वर आणि झटका यांची सांगड घालता येईना. म्हणजे आवाज थॅलॅमसपर्यंत पोचायलाच हवा, पण तिथून पुढे कॉर्टेक्समध्ये गेला नाही तरी चालतं. मधून कुठेतरी दुसरी वाट फुटत असली पाहिजे. मज्जातंतूंचा माग दाखवणारं द्रव्य थॅलॅमसमध्ये सोडून त्यांनी ती वाट शोधली, आणि ती अमिग्डलात जाऊन पोचली. कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक, असा बदामाएवढा हा भाग. तिथून खाली मेंदूच्या बुंध्याकडे आणि शरीराच्या आतल्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या हायपोथॅलॅमसकडे हुकूम जातात. एका हुकमानं अंग गोठतं, दुसऱ्यानं रक्तदाब चढतो.

उंदरात या आखूड वाटेनं आवाज अमिग्डलात सुमारे १२ मिलिसेकंदांत पोचतो. कॉर्टेक्सच्या वाटेनं जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. माणसात ही आखूड वाट किती महत्त्वाची, विशेषतः डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टींच्या बाबतीत, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. तो आपण त्यांच्याकडे सोडू. आपल्या कामाचं एवढंच, की "हे इंजिन आपल्याच शेजाऱ्याचं आहे आणि होडी दोरखंडानं बांधलेली आहे" हा विचार पुरा होण्याआधी अंग कामाला लागलेलं असतं. होडी उलटण्याआधी इंजिनाचा बदललेला आवाज, डिझेलचा वास, वाऱ्याचा रोख असं जे काही यजमानांच्या कानानाकावर आदळलं, ते सगळं त्या मरणाच्या क्षणाशी जोडलं गेलं. त्यात वासाला तर अमिग्डलात शिरायला थॅलॅमसमधून जावंच लागत नाही. म्हणून जेटीवर इंजिन ऐकू येण्याआधी नुसत्या डिझेलच्या वासानंही त्यांची छाती धडधडत असेल. त्यांना विचारून पाहा.

आता "कळतंय पण अंग ऐकत नाही" याचा अगदी थेट पुरावा सांगते. १९९५ साली अमेरिकेत आंतोनियो दमासिओंच्या गटानं, अँटवान बेकारा यांच्या पुढाकारानं, मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना इजा झालेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. पडद्यावर रंग दाखवायचे. ठरावीक एक रंग आला, की कानठळ्या बसतील असा भोंगा वाजवायचा. हा भोंगा बोटीचाच होता. मग पुढे तो रंग दिसला, की तळहाताला घाम येतो का ते मोजायचं आणि शेवटी विचारायचं, कुठल्या रंगाला भोंगा वाजत होता? ज्या रुग्णाचा अमिग्डला दोन्ही बाजूंनी गेला होता, त्यानं रंग बरोबर सांगितला, पण त्याच्या हाताला घाम आला नाही. ज्याचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे घडलेल्या गोष्टींची आठवण जपणारा भाग गेला होता, त्याला काहीच सांगता येईना, पण तो रंग दिसताच हाताला घाम फुटत होता. एकाला माहीत होतं आणि अंगाला पत्ता नव्हता. दुसऱ्याच्या अंगाला पत्ता होता आणि त्याला स्वतःला माहीत नव्हतं.

तुमच्या यजमानांच्या मेंदूत दोन्ही भाग शाबूत आहेत, म्हणून त्यांना दोन्ही एकदम सोसावं लागतंय. अंग थरथरतंय आणि थरथरायचं कारण नाही हेही कळतंय. वर त्याची लाज वाटते. सासूबाईंना हे माझ्या नावानं सांगा. हात थरथरणं हे भित्रेपणाचं लक्षण नाही. दर दोन-चार दिवसांनी हा माणूस स्वतःहून जेटीवर जाऊन उभा राहतोय, हे धाडस आहे. ते धाडस सध्या चुकीच्या क्षणी थांबतंय, एवढंच. त्याबद्दल पुढे सांगते.

भीतीचं केंद्र हा शब्द तुम्ही व्हिडिओत ऐकला. गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की ज्यांच्या कामामुळे अमिग्डला जगभर प्रसिद्ध झाला, ते लेडूच गेली काही वर्षं सांगताहेत की त्याला भीतीचं केंद्र म्हणू नका. त्यांचं म्हणणं असं, की अमिग्डला धोका हेरतो आणि अंगाला सावध करतो. पण "मी घाबरलोय" ही जी आपल्याला जाणवणारी भीती असते, ती कॉर्टेक्समध्ये घडते. आठवणी, स्वतःबद्दलची कल्पना, आजवर ऐकलेल्या गोष्टी हे सगळं मिळून ती तयार होते. मायकेल फॅन्सेलो यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञांना हे वेगळं करणं मान्य नाही. मला मात्र रोजच्या कामात लेडूंची मांडणी पटते. उंदराचं गोठणं कमी करणारं औषध माणसाची भीती तेवढीच कमी करतं असं दिसत नाही. आणि हात थरथरायचे थांबले तरी "मी आता समुद्रावर जायच्या लायकीचा उरलो नाही" ही भावना जागेवर राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. दोन्हीकडे लक्ष द्यावं लागतं.

डोक्यावरून पाणी न घेण्याबद्दलही एक सांगायचं आहे, कारण घरात त्यावरून चेष्टा होते असं तुम्ही लिहिलंय. एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक अमेरिकन स्त्री आहे. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारानं तिचा अमिग्डला दोन्ही बाजूंनी नष्ट झाला. तिच्यासमोर जिवंत साप आणले, भीतीदायक चित्रफिती दाखवल्या, तरी तिला भीती वाटली नाही. सापाला तर ती कुतूहलानं हात लावू लागली. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या हवेचा एक श्वास घ्यायला दिला, आणि तिला जबरदस्त घबराटीचा झटका आला. म्हणजे श्वास कोंडल्याची धोक्याची घंटा अमिग्डलाशिवायही वाजते. ती अंगाच्या आतून, रक्तातल्या बदलावरून वाजते. पाण्याखाली गुदमरलेल्या माणसाला समुद्राची भीती आणि श्वासाची भीती अशा दोन भीती असतात. नाकातोंडावर पाणी आलं, की दुसरी जागी होते. तिच्यावर घरीच, हळूहळू काम करता येतं. आधी ओला पंचा चेहऱ्यावर ठेवायचा, मग ओंजळीनं तोंडावर पाणी मारायचं, मग बसून तांब्यानं खांद्यावरून आणि शेवटी डोक्यावरून. घाई नको आणि चेष्टा तर अजिबात नको.

आता गोळीनं आठवण पुसण्याबद्दल. हा विचार हवेतला नाही. २००० साली लेडूंच्याच प्रयोगशाळेत करीम नादेर यांनी दाखवून दिलं, की पक्की बसलेली भीतीची आठवण उंदराला पुन्हा करून दिली, की ती काही काळ कच्ची होते. तेवढ्यात अमिग्डलात प्रथिनं बनू न देणारं औषध टोचलं, तर ती नीट साठवलीच जात नाही. दुसऱ्या दिवशी उंदीर त्या स्वराला गोठत नाही. हे औषध माणसाला देता येत नाही. माणसात रक्तदाबावरची प्रोप्रानोलॉल ही गोळी वापरून २००९ साली नेदरलँड्समध्ये आशा वाटावी असे निष्कर्ष आले, पण नंतरच्या अभ्यासांत ते सगळीकडे जुळले नाहीत. तेव्हा आज देवगडात, मुंबईत किंवा परदेशातही तुमच्या यजमानांची ती रात्र पुसून टाकणारी गोळी नाही. कुणी पैसे घेऊन तसं सांगितलं तर उठून या.

मग बरं कसं व्हायचं? उंदराला झटका न देता तो स्वर पुन्हा पुन्हा ऐकवला, की तो गोठायचा थांबतो. पण जुनी शिकवण तशीच राहते. तिच्या शेजारी "हा आवाज आला तरी काही होत नाही" अशी दुसरी शिकवण तयार होते आणि ती पहिलीला दाबून धरते. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा आतला, खालचा भाग हे दाबून धरायचं काम करतो. मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी २००२ साली उंदरांत दाखवलं, की ही नवी शिकवण झाल्यावर दुसऱ्या दिवशी स्वर वाजताच तिथल्या पेशी बोलू लागतात, आणि ज्या उंदरात त्या जास्त बोलतात तो कमी गोठतो.

ही नवी शिकवण जुनीपेक्षा नाजूक असते. जुनी भीती तीन वाटांनी परत येते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत फार पक्कं झालेलं आहे आणि माणसातही दिसतं. एक, मध्ये बराच काळ गेला तर. दोन, शिकवण जिथे झाली त्यापेक्षा वेगळ्या जागी गेलं तर. तीन, मध्येच नवा धक्का बसला तर. भीती शिकताना ती कुठल्याही जागी लागू होते. भीती सोडायला शिकलेलं मात्र त्या जागेपुरतं राहू पाहतं. जागा ओळखायचं काम हिप्पोकॅम्पस करतो.

आपल्या किनाऱ्यासाठी याचा अर्थ फार मोठा आहे, आणि तो मला सगळ्यांना ओरडून सांगावासा वाटतो. माझ्या खोलीत पंख्याखाली बसून केलेला उपचार जेटीवर पुरत नाही. जेटीवर केलेला खाडीबाहेर पुरत नाही. सकाळी जमलेलं काळोखात जमेलच असं नाही. काम तिथेच जाऊन करावं लागतं, आणि एकाच होडीत, एकाच वेळी न करता बदलून बदलून करावं लागतं. दुसरं म्हणजे आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात. मे महिन्यात छान बाहेर जाऊ लागलेला माणूस नारळी पौर्णिमेनंतर जेटीवर पुन्हा थरथरतो, आणि घरचे म्हणतात, बघा, काही उपयोग झाला नाही. तसं नसतं. पायवाट पावसात रानानं बुजते, तशी ही नवी शिकवण दोन महिन्यांत बुजलेली असते. ती पुन्हा चालून मोकळी करायची असते, आणि दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा खूप कमी वेळ लागतो. हे यजमानांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऑगस्टमध्ये ते खचणार नाहीत.

प्रत्यक्ष काय करायचं ते आता सांगते. हे एखाद्या जाणकाराला सोबत घेऊनच सुरू करा, पण काय चाललंय हे तुम्हाला माहीत असावं.

सध्या काय होतंय ते पाहा. यजमान जेटीवर जातात, इंजिन सुरू होतं, थरथर शिगेला पोचते आणि ते परत फिरतात. पाठ फिरवताच सुटल्यासारखं वाटतं. मेंदू त्यातून शिकतो, की आपण परत फिरलो म्हणून वाचलो. दर खेपेला भीतीला खतपाणी मिळतं. म्हणून यापुढे अवघड पायरीवर जाऊन पळण्यापेक्षा सोपी पायरी घ्यायची, पण तिथे टिकून राहायचं. घरात मोबाइलवर इंजिनाचा आवाज लावून बसणं ही पहिली. तुम्ही शेजारी बसा, पण हात धरून "काही नाही, काही नाही" म्हणू नका. मग संध्याकाळी होड्या परत येतात तेव्हा जेटीवर, मासे उतरवून लिलाव संपेपर्यंत बसायचं. मग बांधलेल्या होडीत बसायचं, इंजिन बंद. मग तिथेच इंजिन सुरू करून. एका तांडेलाला या पायरीवर आम्ही इंजिनावर तळहात ठेवायला सांगितलं होतं. सुरुवातीला त्याची बोटं आकडून गेली. मग त्याच्या लक्षात आलं, की इंजिनाची एक बाजू जास्त तापतेय, आणि तो त्याबद्दल बोलायला लागला. थरथर चालूच होती, पण त्याचं लक्ष इंजिनाकडे गेलं होतं. मला त्या क्षणी खात्री पटली, की हा माणूस पुन्हा होडी चालवणार. मग खाडीत एक फेरी, मग खाडीच्या मुखापर्यंत, मग शांत समुद्रात थोडं बाहेर. त्यानंतरच जाळं आणि रात्र.

प्रत्येक पायरीआधी त्यांना एकच प्रश्न विचारायचा. आज काय होईल असं वाटतंय? "मी बेशुद्ध पडेन", "हातून काहीतरी भलतं होईल", जे असेल ते त्यांच्याच शब्दांत. परत आल्यावर विचारायचं, झालं का तसं? कॅलिफोर्नियाच्या मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के यांनी यावर पुष्कळ काम केलंय. भीती किती उतरली यापेक्षा मनानं धरलेलं भाकीत किती खोटं ठरलं, याचं महत्त्व त्या जास्त मानतात. मलाही तोच अनुभव आहे. हात थरथरत असताना एखाद्यानं सुकाणू धरून होडी धक्क्याला नीट लावली, तर ती खेप यशस्वी समजायची.

बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा बावटा लागलेला असताना मात्र हे काही करायचं नाही. खऱ्या धोक्याला घाबरणं हे तांडेलाचं काम आहे. तीन नंबरचा बावटा पाहून पाय मागे घेणारा मेंदू आपल्याला शाबूतच हवा आहे. लाइफ जॅकेट घालून जाणं म्हणजे भीतीला शरण जाणं असंही कुणी म्हणू नये.

आता ज्या गोष्टीवर तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिली आहे, तिच्याकडे वळते. ते त्या मुलाच्या घरावरून जात नाहीत. ताई, तिथे इंजिनाचा आवाज नाही, डिझेलचा वास नाही, पाणी नाही. तरी ते वाट वाकडी करतात. म्हणजे इथे भीतीबरोबर दुसरं काहीतरी आहे. तांडेल हा होडीवरचा जबाबदार माणूस. सुकाणू त्यांच्या हातात होतं आणि एक पोर गेलं. "मी अर्धा तास आधी वळलो असतो तर?" हा प्रश्न त्यांच्या रात्री खात असणार. अपराधाची ही टोचणी सरावानं जात नाही. अमिग्डलाची शिकवण वर सांगितल्याप्रमाणे बदलता येते, पण ही गोष्ट बोलूनच हलकी होते. त्या रात्रीची हकिगत सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आत्ता घडतेय अशी, पुन्हा पुन्हा सांगायची एक पद्धत आहे. एडना फोआ यांनी ती विकसित केली आणि आघातानंतरच्या ताणविकारावर तिचा चांगला उपयोग होतो. ती शिकलेल्या माणसासमोरच करायची. त्या सांगण्यात अनेकदा विसरलेले तपशील वर येतात. वारा किती झपाट्यानं फिरला, आपण कुणाला हाक मारली, कुणाचा हात धरला होता. मग माणूस स्वतःला जो दोष देत असतो, तो त्या तपशिलांपुढे तपासून पाहता येतो. काही वेळा थोडी चूक खरोखर झालेलीही असते. तेव्हा "तुझी काहीच चूक नाही" असं घाईनं म्हणून त्याचं तोंड बंद करू नये. मी तुम्हाला सांगेन, की त्यांनी त्या मुलाच्या आईवडलांना भेटावं का, हा प्रश्न उपचारात लवकर यायला हवा. मात्र त्या घरची मनःस्थिती आधी एखाद्या वडीलधाऱ्याकडून विचारून घ्या.

औषधांबद्दल. दुकानातून आणलेली झोपेची गोळी बहुधा अल्प्राझोलामच्या जातीची असेल. या आजारात ती मला नको असते. तिची सवय लागते, आणि भीती सोडायची नवी शिकवण ती पक्की बसू देत नाही. पण महिनोन्महिने घेतली असेल, तर एकदम बंद करू नका. त्यानं त्रास होतो, झटकेही येऊ शकतात. डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची. दारूचंही तसंच. तुम्ही पत्रात तिचा उल्लेख केलेला नाही, पण झोप येत नाही म्हणून रात्री थोडी घेणं आपल्या बंदरांवर नवं नाही, म्हणून लिहिते. सर्ट्रालिन किंवा पॅरॉक्सेटिन ही औषधं या विकारावर चालतात, सवय लावत नाहीत, पण गुण यायला काही आठवडे द्यावे लागतात.

वाईट स्वप्नांसाठी एक जुनं औषध आहे, प्राझोसिन. कोकणाशी त्याचं वेगळंच नातं आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात लाल विंचवाच्या दंशावर हेच औषध वापरून किती तरी जीव वाचवले. विंचवाचं विष अंगात अॅड्रीनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सोडतं, त्यानं रक्तदाब भडकतो आणि हृदय थकून फुप्फुसात पाणी होतं. प्राझोसिन रक्तवाहिन्यांवरचा त्या लोंढ्याचा परिणाम अडवतं. रात्री दचकून उठणाऱ्या माणसाच्या मेंदूतही त्याच जातीची रसायनं चढलेली असतात, म्हणून ते स्वप्नांसाठी वापरून पाहिलं गेलं. लहान अभ्यासांत उपयोग दिसला. २०१८ साली माजी सैनिकांवरच्या मोठ्या अभ्यासात मात्र ते औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. तरीही काही निवडक रुग्णांत मी ते वापरते आणि काहींना त्यानं शांत झोप लागते. पहिल्या डोसनंतर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून ते स्वतःच्या मनानं घ्यायचं नाही.

गाऱ्हाणं घातलंत ते बरंच केलंत. सगळी वाडी आपल्यामागे उभी आहे, हे त्या माणसाला त्यातून कळतं आणि त्याचा आधार खरा असतो. त्याच्या जोडीनं उपचार करायला काही आडकाठी नाही. पण कुणी धुरी देणं, मारणं, कोंडून ठेवणं सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. ज्याचा श्वास एकदा कोंडलाय त्याला धुरी देणं म्हणजे तीच जखम पुन्हा उकलणं. शिवाय अंगातलं काढतो म्हणून मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

होडीतला हिस्सा आत्ता विकू नका. भीतीच्या भरात घेतलेला असा निर्णय माणूस स्वतःच्या हरण्याचा शिक्का म्हणून वागवतो. हप्त्यांची ओढाताण असेल, तर एका हंगामासाठी होडी दुसऱ्या तांडेलाच्या हातात द्या. उपचार होऊन, पुन्हा समुद्रावर जाऊन आल्यावर त्यांना हा धंदा सोडावासा वाटला, तर तेव्हा जरूर सोडावा. तो निर्णय मग त्यांचा असेल.

सध्या फेब्रुवारी आहे, समुद्र शांत आहे. मे अखेरपर्यंत हातात चांगला काळ आहे, तो वाया घालवू नका. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं. नावाला घाबरू नका. रात्रीबेरात्री अडचण आली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. "माझ्याऐवजी तो वाचायला हवा होता" असं किंवा जगण्यात अर्थ नाही असं ते बोलले, तर सकाळची वाट पाहू नका, त्यांना एकटं सोडू नका आणि सरळ रुग्णालय गाठा. दाखवायला जाताना झोपेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर न्या. कुठली गोळी किती दिवस चालू आहे, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.